पंडिता रमाबाई : अयाचित वृत्तीचा हिशेब

इ. स. १८९८ मध्ये पंडिता रमाबाईंच्या संस्थेपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सहज समजण्यासारखा आहे. अमेरिकेत बॉस्टन येथे डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. ती मुदत आता भरली होती. ज्या शाळेसाठी ते वचन मिळाले होते ती मूठभर मुलींची होती. आणि मधल्या काळात दुष्काळाने तिच्या दाराशी शेकडो मुली आणून सोडल्या होत्या. निश्चित उत्पन्न संपत आलेले आणि खर्च कित्येक पटींनी वाढलेला, अशा वेळी कोणताही शहाणा व्यवस्थापक खर्चाला कात्री लावील. रमाबाईंनी पुढच्या दोन वर्षांत आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात नेली.

हे त्यांना कसे जमले, याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. श्रद्धाळू म्हणतात, प्रार्थनेचे फळ. आक्षेपक म्हणतात, परदेशचा पैसा. दोन्हींत तथ्य आहे. पण कोणत्याही एका उत्तराने रमाबाई नावाची व्यक्ती उलगडत नाही. त्या देवावर विसंबून राहायला शिकल्या हे खरेच. मात्र ते शिकणे एका बाप्तिस्म्याने किंवा एखाद्या प्रवचनाने झालेले नाही. त्याचा पहिला धडा ख्रिस्ती धर्माशी त्यांचा परिचय होण्याच्या फार पूर्वी, एका पुराणिकाच्या फिरत्या बिऱ्हाडात त्यांनी गिरविला होता. रमाबाईंविषयी बोलताना ही गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. तरुणपणी पुण्यात आपल्या गुरूंपाशी राहत असता, ते गुरू बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि स्त्रियांनीही देववाणी शिकावी हे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपली अल्पवयीन द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. गावाला ते रुचले नाही. शास्त्रीबुवांनी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात गंगामूळच्या अरण्यात आश्रम बांधला, आणि तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमातले अतिथी आणि विद्यार्थी यांच्या खर्चाने शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. जमीन गेली, आणि रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच.

या यात्रेचे अर्थकारण मोठे विलक्षण होते. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावयाचे, ऐकणाऱ्याने पोथीपुढे जे ठेवले असेल ते घ्यावयाचे. मागावयाचे नाही, मोल ठरवावयाचे नाही. आपल्या भाषेत या जीवनपद्धतीला अयाचित वृत्ती असे नाव आहे. अनेक वर्षे या कुटुंबाला पुरून उरेल इतके मिळाले. उरले ते त्यांनी दानधर्मात, व्रतवैकल्यांत आणि ब्राह्मणभोजनांत खर्च केले. लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून संस्कृत शिकवीत. बिऱ्हाड चालत असे, श्लोकांचे पाठांतरही चालत असे. पोथी उघडली की अन्न येते, हा त्या मुलीचा बालपणीचा अनुभव होता.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि हा अनुभव खोटा ठरला. पोथीपुढे काही पडेनासे झाले, कारण ऐकणाऱ्याच्याच घरात काही नव्हते. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. मोलमजुरी करणे कुलाला कमीपणा आणणारे होते, भीक मागणे त्याहून कठीण. उरलीसुरली भांडीकुंडी आणि दागिने मोडून त्यांनी देवाला प्रसन्न करण्यासाठी आणखी विधी केले. अखेर सारे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात शिरले ते मरण्यासाठीच. दहाअकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढल्यावर वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला, तेव्हा मुलगा श्रीनिवास याने पडेल ते काम करण्याची तयारी दर्शविली. तोवर उशीर झाला होता. वडील गेले. काही काळाने आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या शेवटच्या आजारात रमाबाई शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागण्यास गेल्या आणि दारात उभ्या राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ताटीला खांदेकरी पुरेसे मिळेनात. ही मुलगी ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्यापर्यंत पोहोचेना. म्हणून तिने आईची ताटी डोक्यावर घेतली.

या प्रसंगांविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले, त्यात आईवडिलांच्या श्रद्धेवर कठोर टीका आहे. मला ती काहीशी एकांगी वाटते. देवावर भार टाकून जगण्याची जी सवय पुढे केडगावात त्यांच्या कामी आली, ती त्यांनी या कुटुंबातच उचलली होती. टीकेतला एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्या कुटुंबाने आपला भार देवावर टाकताना स्वतःचे हातही बांधून घेतले होते. काम करणे हा जणू श्रद्धेचा भंग होता. अयाचित वृत्ती राखूनही हात मोकळे ठेवता येतात की नाही, हा प्रश्न त्या रानातून रमाबाईंच्या मागे लागला आणि त्याचे उत्तर सापडण्यास वीस वर्षे लागली.

भाऊ आणि बहीण पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढचा क्रम वाचकांना ठाऊक असेल. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीची मर्यादा ओलांडून, रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती असे एकेक आधार तुटून पडले होते. हाती उरली दहा महिन्यांची मुलगी आणि कंठस्थ असलेले हजारो श्लोक.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना या देशात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे आग्रहाने मांडले. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून आलेल्या पैशातून त्यांनी विलायतेचे भाडे भरले आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. रमाबाईंना ऐकू कमी येत होते. व्याख्याने ऐकू येत नाहीत, त्या अर्थी वैद्यकाचे शिक्षण घेता येणार नाही, हे स्पष्ट झाले. ज्या एका हेतूसाठी समुद्र ओलांडला, तो हेतूच निकालात निघाला. ख्रिस्ती झाल्यावर व्याधी दूर झाल्याच्या अनेक कथा धार्मिक वाङ्मयात असतात. रमाबाईंच्या चरित्रात तशी कथा नाही. त्यांचे कान बरे झाले नाहीत. नव्या देवाने पहिल्याच वर्षी त्यांच्या पदरात जे टाकले, ते नकाराचे होते. त्यांनी वैद्यकाचा विचार सोडला, शिक्षणशास्त्राकडे मोहरा वळविला आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. हाच बधिरपणा आडवा आला नसता तर आपल्याला कदाचित एक कुशल स्त्री-डॉक्टर मिळाली असती. मुक्ती सदन मिळाले असते की नाही, कोण सांगणार?

देवावर विसंबणारी माणसे माणसांपुढेही नम्र असतात, असा एक समज आहे. इंग्लंडमधील रमाबाई तो समज साफ मोडतात. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. स्वतंत्र बुद्धीचा असा दस्तऐवज आपल्या प्रबोधनकाळातही विरळाच. रमाबाई शाकाहार सोडावयास तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा आपल्या सदसद्विवेकाचा ताबा कोणत्याही धर्माधिकाऱ्याकडे देण्याचे त्यांनी नाकारले. ज्यांच्या घरी त्या जेवत होत्या, त्यांच्याशीच त्या हा वाद घालीत होत्या, हे विसरता कामा नये. दुसऱ्याच्या अन्नावर जगत असूनही मिंधे न होणे ही पुराणिकाच्या मुलीची कमाई होती: पोथीपुढे ठेवलेले दान देवाला पोहोचते, वाचणारा दात्याचा बांधील होत नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकेत राहिल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि गावोगावी व्याख्याने दिली. त्यातून असोसिएशन उभे राहिले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी विधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ चा वाद प्रसिद्धच आहे. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गहजब झाला, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. धार्मिक तटस्थतेच्या वचनावर शाळा उभी होती, तेव्हा आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण सदनाची कवाडे पुण्याने बंद केली नसती, तर रमाबाईंची नजर खेड्याकडे वळली असती का, याचाही विचार व्हावा.

तत्पूर्वीच त्यांच्या मनात एक पालट झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ज्याच्यावर विसंबून राहावयाचे तो ख्रिस्त आपल्याला अद्याप गवसलेला नाही, ही जाणीव १८९१ च्या सुमारास त्यांना तीव्रतेने झाली. त्याच काळात त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले. ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचे पालन या गृहस्थांनी कोणापाशीही वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून केले होते. इंग्लंडात घडते ते हिंदुस्थानात का घडू नये, असे रमाबाईंच्या मनात आले. मला येथे थोडे हसू येते. अयाचित वृत्तीचे उदाहरण शोधण्यास डोंगऱ्यांच्या मुलीला ब्रिस्टलपर्यंत जावे लागले!

पण वडिलांच्या आणि तिच्या मार्गातला फरक येथेच दिसू लागतो. असोसिएशनची मदत कधीतरी थांबणार हे ओळखून त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली आणि फळबाग लावण्यास प्रारंभ केला. फळांच्या विक्रीवर शाळा चालावी, हा बेत. केडगाव दौंडच्या वाटेवर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात. विहिरी खणल्याशिवाय तेथे काही पिकणे नाही. त्यांनी विहिरी खणविल्या. प्रार्थना करणे आणि पाण्याचा शोध घेणे या त्यांच्या लेखी परस्परविरोधी गोष्टी उरल्या नव्हत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली आणि त्या तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि मदतकेंद्रांत त्यांनी जे पाहिले, त्यात त्यांना वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे कुटुंब दिसले असल्यास नवल नाही. फरक एवढाच की या वेळी आई मेलेली मुलगी दुसरी कोणी होती, आणि तिच्याकडे वाईट नजरेने पाहणारे दलाल भोवती हिंडत होते. किती मुली न्याव्यात? तिजोरीत किती आहे याचा विचार करावा तर एकही नेता येत नव्हती. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर, तंबूंत आणि गवती छपरांखाली ठेवावे लागले. हेच मुक्ती सदन. त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे कसे हाल होतात, याविषयी त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरले.

या मुलींचे बरे होणे ही कोणत्याही चमत्काराची कथा नाही. उपाशी शरीराला एकदम पोटभर अन्न सोसत नाही. पेज थोडी थोडी द्यावी लागते. खरजेच्या जखमा रोज धुवाव्या लागतात. कित्येक मुली वाचल्या नाहीत. शरीर सावरल्यावरही अन्न लपवून ठेवण्याची, हिसकावून घेण्याची सवय जात नाही. उद्या अन्न मिळेल यावर विश्वास बसणे, हे दुष्काळातून आलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वांत शेवटी बरे होणारे दुखणे असते. मोठ्या मुलीकडे धाकट्या मुलीला सोपविण्याची रीत रमाबाईंनी घातली. जिला काल भरवावे लागत होते, तिने आज दुसरीला भरवावयाचे. रमाबाई स्वतः याच वाटेने आल्या होत्या, म्हणून ही रीत त्यांना सुचली असावी.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. अमेरिकेतील असोसिएशन १८९८ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा उभे राहिले होते, पण ठरावीक रकमेची हमी आता नव्हती. शेती, गाईम्हशी, तेलाची घाणी, हातमाग, शिवणकाम, छापखाना असे उद्योग मुक्तीत उभे राहिले आणि ते सारे स्त्रिया चालवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमेने ब्रेल लिपी आत्मसात करून त्यांना वाचावयास शिकविले.

पैसा कोठून आला? देणग्यांतून, आणि पुष्कळसा परदेशातून. रमाबाईंनी कर्ज काढण्याचे टाळले. मात्र ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे संस्थेचे पत्रक परदेशी वाचकांकडे जात असे आणि गरज काय आहे ते त्यातून कळत असे. हेही एक प्रकारचे मागणेच नव्हे काय, असे कोणी विचारल्यास मी नाही म्हणणार नाही. पुराणिकाचे देवळात येऊन बसणे हेही त्याच अर्थाने मागणे असते. याचनेची रेषा इतकी काटेकोर आखता येत नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की दात्याने घातलेली अट त्यांनी आपल्या विवेकावर चालू दिली नाही, आणि आलेला पैसा त्यांच्या वडिलांप्रमाणे विधींत न जाता विहिरीत, मागात आणि खिळ्यांच्या पेट्यांत गेला. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेची जी इंग्रजी साक्ष प्रसिद्ध केली, तिच्या नावात कधीही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. आयुष्यभर निधीच्या टंचाईशी झुंजलेल्या बाईने आपल्या देवाला ठेव्याची उपमा द्यावी, याचे मला अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून कौतुक वाटते.

१९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक उत्साहाची मोठी लाट आली. रडणे, मोठ्याने प्रार्थना करणे, पापांची कबुली देणे यांचे वृत्त देशोदेशी गेले. माझ्यासारख्याला त्या वर्णनांपुढे अवघडल्यासारखे होते, आणि ज्यांना त्यात गोडी आहे त्यांच्यावर तो भाग सोपविणे बरे. त्याच काळात सुरू झालेले दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणण्याचे रमाबाईंनी ठरविले आणि त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या भाषांचा अभ्यास केला. संस्कृतातील पंडिता ही पदवी ज्यांना मिळाली, त्यांनी या भाषांतरातून संस्कृत शब्द निवडून दूर ठेवले. केडगावच्या शेतावर काम करणाऱ्या बाईला ते वाचता यावे म्हणून. बोलणे ऐकू न येणाऱ्या बाईंना दुसऱ्याच्या कानाला काय समजेल याची एवढी चिंता होती.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. तोवर त्या थकल्या होत्या. मुक्तीचा भार मनोरमेकडे जाणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. आईच्या अधू कानांऐवजी ऐकणारी तीच होती. पण मनोरमेची प्रकृती ढासळली, तिला मिरजेच्या रुग्णालयात हलविले आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, तिचा अंत झाला. चोवीस वर्षांच्या रमाबाईंपाशी जे एकच माणूस उरले होते तेही गेले. ज्या देवावर सारा भार टाकला होता, त्याने ही एक मागणीही मान्य केली नाही.

रमाबाई भाषांतराच्या कामाकडे परतल्या. आठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्या निवर्तल्या. भाषांतर तोवर हातावेगळे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांचे काम आणखी दोन वर्षे चालले, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बांधून बाहेर पडला.